नरसिंहण्णांच्या डोक्यावरची जागा

मित्रांनो, मी एक जुनी पोलिसी हॅट आहे. सध्या मी दाराआडच्या खुंटीवर, एका मोडक्या छत्रीच्या शेजारी राहते. पण माझा जन्म खुंटीसाठी झाला नव्हता.

लाकडी साच्यावर जाड लोकर दाबून, तिला वाफ देऊन मला घडवले. एका बाजूची कड रुंद ठेवली, दुसरी वर वळवून बटणाने अडकवली. पुढे चकचकीत बिल्ला लावला आणि मी मल्लेश्वरममधल्या हेड कॉन्स्टेबल नरसिंहरावांच्या डोक्यावर जाऊन बसले. त्यांचे घराणे बेंगळुरूतले जुने मराठी. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. गल्लीतले सगळे त्यांना नरसिंहण्णा म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते.

त्या दिवसांत माझा रुबाब पाहण्यासारखा होता. माझी कड लांबून दिसली की हातगाडीवाले निमूटपणे गाडी मागे घेत. मला वाटे, हा मान माझाच आहे.

एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. दुसऱ्याचे कौतुक मला सोसत नाही. एका गणेशोत्सवात रहिवासी संघाने पोलिसांचा सत्कार ठेवला. संघाचे चिटणीस भगवंतराव पुढे आले, त्यांनी मला नरसिंहण्णांच्या डोक्यावरून उचलून खुर्चीवर ठेवले आणि माझ्या जागी म्हैसुरी पेटा, म्हणजे आमच्याकडचा जरीचा फेटा, चढवला. टाळ्या झाल्या, फोटो निघाले. मी वर्षभर ऊन खाल्ले आणि मान मिळाला तो दोन मिनिटांच्या पाहुण्याला! मग भगवंतरावांनी पोलिसांच्या पाठीशी उभे राहण्यावर लांबलचक भाषण केले, आणि ते झाल्यावर ते माझ्यावर बसले. आभारप्रदर्शन संपेपर्यंत उठले नाहीत.

तरी माझ्याजवळ एक गोष्ट होती, जी त्या पेट्याला कधीच मिळाली नसती. मी डोक्यावर घट्ट बसत नसे. पळताना उडून जाई. आणि हॅटशिवाय दिसलेल्या पोलिसाला वरिष्ठ चारचौघांत सुनावत. त्यामुळे नरसिंहण्णा धावू लागले की त्यांचा डावा हात आपोआप वर येई आणि मला धरून ठेवी. मी त्याला प्रेम समजत असे.

एका सकाळी तुंगाबाई देवळाकडे निघाल्या होत्या. या आमच्या गल्लीतल्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाई. एका चोराने त्यांच्या गळ्यातली साखळी ओढली आणि तो पळाला. नरसिंहण्णा त्याच्यामागे धावले. डावा हात माझ्यावर, उजव्या हातात चोराची बाही. एका हाताने धरलेला माणूस कितीसा टिकणार? त्याने हिसका दिला, बाही फाटली, आणि तो कोपऱ्यावर थांबलेल्या मोटारसायकलवर बसून निघून गेला.

ती साखळी तुंगाबाईंच्या आईची होती. त्या हळूहळू चालत आल्या आणि नरसिंहण्णांकडे बघत म्हणाल्या, “हॅट तेवढी सांभाळलीत, नरसिंहण्णा.”

आवाज चढवला नाही. पण त्या दिवसापासून ते चौकात उभे असले की तुंगाबाई पलीकडच्या बाजूने जाऊ लागल्या. नरसिंहण्णा रोज त्यांना जाताना पाहत.

काही महिन्यांनी मोठ्या साहेबांनी शिपायांची बैठक बोलावली. सरकार हॅट बदलण्याचा विचार करत होते आणि शिपायांचे म्हणणे त्यांना ऐकायचे होते. कुणी म्हणाले, ती पावसात भिजली की मान अवघडते. कुणी म्हणाले, पोरे हसतात. नरसिंहण्णा मला काखेत धरून उठले. मला वाटले, आता हे माझी बाजू घेतील.

“सर,” ते म्हणाले, “ही डोक्यावर असली की माझा एक हात हिचाच असतो.”

एवढे बोलून ते खाली बसले. मी त्यांच्या काखेतच होते.

मग ती आली. निळी, हलकी, घट्ट बसणारी टोपी. नरसिंहण्णांच्या बायकोने तिला हळदकुंकू लावले. मला कधी कुणी लावले होते? माझा बिल्ला काढून घेतला आणि मी खुंटीवर गेले. रोज सकाळी ती माझ्यासमोरून डोक्यावर चढून जाई आणि संध्याकाळी कौतुक ऐकत परत येई. मी मनात म्हणे, पड एकदा. गटारात पड.

एक दिवस नरसिंहण्णांची मुलगी संयोगिता हसत घरी आली. अप्पा बससाठी धावले, तर त्यांचा डावा हात डोक्यावरच होता, असे ती आईला सांगत होती. मला केवढा आनंद झाला! टोपी नवी असली तरी हात अजून मलाच शोधत होता.

नरसिंहण्णा मात्र हसले नाहीत. “हात ऐकत नाही गं माझा,” ते बायकोला म्हणाले. “पुन्हा कुणावर वेळ आली तर?”

कार्तिकात काडू मल्लेश्वराच्या देवळाजवळ कडलेकाई परिशे भरली, म्हणजे भुईमुगाच्या शेंगांची जत्रा. नरसिंहण्णा तिथे बंदोबस्ताला होते. संयोगिता आईबरोबर निघाली. पिशवी सापडेना, म्हणून तिने मला खुंटीवरून ओढले आणि जत्रेत माझ्यात चक्क शेर-दीड शेर शेंगा भरून घेतल्या. पेट्याने माझी जागा घेतली होती, टोपीने घेतली होती, पण पिशवी मला अजून कुणी केले नव्हते.

तेवढ्यात एक टेम्पो पोती उतरवायला मागे येऊ लागला. त्याच्यामागे दोन-अडीच वर्षांचे एक मूल सांडलेल्या शेंगा वेचत बसले होते. चालकाला ते दिसत नव्हते. गोंगाटात आईची हाक कुणाला ऐकू गेली नाही.

नरसिंहण्णांनी पाहिले आणि ते धावले. त्यांचा डावा हात वर निघाला, थेट कानापर्यंत आला. इतके दिवस मी हेच मागत होते. पण मित्रांनो, माझ्यासमोर ते मूल होते आणि टेम्पोचे चाक होते. आयुष्यात पहिल्यांदा मी म्हटले, नको. माझ्याकडे येऊ नकोस. खाली जा.

हात खाली आला. माझ्यामुळे आला असे मी म्हणणार नाही. नरसिंहण्णांनी दोन्ही हातांनी मूल उचलले आणि बाजूला उडी घेतली. टेम्पो शेंगांच्या ढिगावर चढून थांबला. टोपी जागची हलली नव्हती.

गर्दीत तुंगाबाई होत्या. त्या जवळ आल्या, टोपीकडे बघत राहिल्या.

“ही बरी आहे,” त्या म्हणाल्या. “उद्या सकाळी देवळापर्यंत माझ्यासोबत चला. एकटीला भीती वाटते.”

“येतो, अक्का,” नरसिंहण्णा म्हणाले. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

त्या टोपीचा मला अजून हेवा वाटतो, खोटे कशाला बोलू? पण आता ती पडावी असे मी म्हणत नाही.

तुमच्या चौकातल्या पोलिसांना शाल द्या, टाळ्या वाजवा, त्यांनाही बरे वाटते. पण आधी त्यांना विचारा, काम करताना तुमच्या हाताच्या आड काय येते? आणि उत्तर मिळाले की ते काढून टाका, मग ते माझ्यासारखे कितीही रुबाबदार असो. विचारायला उशीर करू नका. मला थोडे आधी खुंटीवर टांगले असते, तर तुंगाबाईंच्या गळ्यात त्यांच्या आईची साखळी आज असती.