दोघींचा कोयता

परळीच्या रेल्वे स्टेशनसमोरचं व्हिडिओ गेमचं दुकान बंद पडलं, तेव्हा तिथला एक मोठा खोका मी उचलून आणला. आतली यंत्रं मेली होती, पण काच, दांडा आणि बटणं शाबूत होती. आयटीआयला शिकलेली विद्या आणि कॉम्प्युटर क्लासवाल्यांनी टाकून दिलेला एक जुना कॉम्प्युटर, एवढ्यावर मी त्यात स्वतःचा गेम बसवला. बाकीच्या गेममध्ये अंतराळातली विमानं असायची. आमच्या धारूरकडच्या माणसाला अंतराळाशी काय घेणंदेणं? मी उसाचा फड काढला. फडात एक माणूस. त्यानं ऊस तोडायचा, मोळी बांधायची, गाडीत टाकायची, आणि मागून येणाऱ्या मुकादमाच्या जीपच्या तावडीत सापडायचं नाही. गेमचं नाव ‘कोयता’.

पहिला डाव माझ्या आईनं, दगडाबाईनं खेळला. वीस हंगाम ऊस तोडलेली बाई. तिनं काचेत निरखून पाहिलं आणि विचारलं, “दुसरं कुठं हाय?”

“दुसरं काय?”

“माणूस. एकट्याचा कुठं कोयता असतो का, बये?”

मला माझीच लाज वाटली. ऊसतोडीत कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळ्या बांधायच्या. बाप वारला तशी आई अर्धा कोयता झाली, आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम टोळीत घेत नाही. हे घरात रोज बघत असूनही मी गेम एकट्याचा केला, म्हणजे माझी कमालच. आठ दिवस बसून मी तो बदलला. आता दोघांनी दोन बटणं एकदम दाबल्याशिवाय मशीन सुरूच होईना. ते दोघं कोण, हे मात्र मशीन विचारत नव्हतं.

दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. धारूरच्या बाजारात प्यायला पाणी नव्हतं, पण माझ्या मशीनपुढे रांग होती. नवरा-बायको खेळत, सासू-सून खेळत, बांधावरून अबोला धरलेले दोन भाऊ खेळता खेळता बोलायला लागले. जीप आली की सगळा बाजार “रामहरी आला रे” म्हणून ओरडायचा, कारण आमच्या भागातला मुकादम रामहरी. मी जीपला नाव दिलं नव्हतं, लोकांनी दिलं. सगळ्यांत वरचा आकडा मात्र आईचा आणि साखराबाईचा. साखराबाई आमची शेजारीण, नवऱ्यानं टाकलेली, म्हणजे तीही अर्धीच. त्या दोघींना कोणी हरवू शकलं नाही.

दसऱ्याला रामहरी टोळीची नावं लिहून घ्यायला बाजारात आला. आई त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. “मी आन साखराबाई. एक कोयता लिव्हा.”

“दोन बाया म्हंजे दोन अर्धे,” म्हणत रामहरी हसला. मग त्याची नजर मशीनकडे गेली आणि हसू गेलं. तो मला म्हणाला, “शिवकन्या, लोक मला तोंडावर हसायलेत. ती जीप काढून टाक, मी तुझ्या मायचं आन साखराबाईचं नाव लिव्हतो. पुरा कोयता.”

खोटं कशाला बोलू, मी डळमळले. घरातली ज्वारी संपत आली होती आणि जीप काढायला पाच मिनिटं पुरली असती. मी खोक्याचं मागचं झाकण उघडायला गेले, तर आईनं त्यावर हात ठेवला.

“जीप ऱ्हाऊ दे.”

“माय, काम जाईल.”

“आमी पुऱ्या हाव का न्हाई, हे ह्याच्या जीपवर कशाला ठरावं?”

रामहरीनं वही मिटली. “मग बसा खेळत,” म्हणाला आणि निघून गेला. मला इतका संताप आला की त्याच दिवशी मी जीपचा वेग दुप्पट केला. तरी दोघी सापडल्या नाहीत.

पण खेळून पोट भरत नाही. तिसऱ्या दिवशी दोघी मला घेऊन थेट सहकारी साखर कारखान्याच्या शेतकी ऑफिसात गेल्या. मुकादमाला वगळून तिथं कोणी जात नसे. टेबलामागे उत्तरेश्वर नावाचा कारकून होता.

“गडी कोण तुमच्यात?” त्यानं विचारलं.

“गडी न्हाई. आमी दोघी.”

“कोयता म्हंजे नवरा-बायको असतंय, बाई.”

“कुठं लिव्हलंय? पोरीला दाखवा, तिला वाचता येतं.”

त्यानं छापील करार पुढे ओढला, वाचला, उलटून मागची बाजूही वाचली. मग मी वाचला. ‘कोयता : दोन मजूर.’ एवढंच. नवरा किंवा बायको हा शब्द अख्ख्या कागदावर नव्हता. इतकी वर्षं मुकादमांनी, कारखान्यानं आणि आमच्या घरानंसुद्धा कुठंच न लिहिलेला नियम पाळला होता. मला हसावं की रडावं कळेना.

उत्तरेश्वरनं पेन उचललं. “मुकादम कोण लावू?”

“कोणी न्हाई,” साखराबाई म्हणाली.

“रकाना रिकामा ठेवता येत न्हाई.”

“मग रेघ मारा,” आई म्हणाली.

त्यानं दोघींची नावं लिहिली, पुढे ‘कोयता एक’ लिहिलं, आणि मुकादमाच्या रकान्यात आडवी रेघ मारली. आईनं त्या रेघेवर बोट ठेवलं.

“रामहरीची जागा ती हीच का?”

“हीच,” मी म्हणाले.

ती कारकुनाला म्हणाली, “जरा ठळक मारा की.”