पिवळं कोणाचं?

पुढच्या खोलीत शिवणाचं दुकान, मागच्या खोलीत संसार, आणि मध्ये एक पडदा. मशीनला पाय लागण्याआधी त्या घरात रोज अंडी उकडायला पडत. काजबाई ती सोलून दोऱ्याने कापत आणि वाटणी करत. पिवळं नवऱ्याच्या आणि लेकाच्या ताटात, पांढरं सुनेला आणि स्वतःला. सगळा जन्म कपड्यांना काज करण्यात गेला, म्हणून गल्लीने त्यांचं नाव काजबाई ठेवलं. त्यांचं खरं नाव त्यांनाही आठवून सांगावं लागे.

त्यांचा नवरा, म्हणजे दुकानाचे मास्तर, गिऱ्हाइकांना हसत सांगत, मशीन पायाने चालते आणि पाय पिवळ्याने चालतात.

सुनेला दिवस गेल्यावर तर काजबाईंनी पिवळं कटाक्षाने वर्ज्य केलं. त्यांच्या सासूने त्यांना हेच शिकवलं होतं. गरोदर बाईने पिवळं खाल्लं की पोराचं डोकं मोठं होतं आणि बाळंतपण अडतं. यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. वाईट चालींना बहुतेक वेळा वाईट माणसं लागतच नाहीत.

एके दिवशी दोघी तपासणीला गेल्या, तेव्हा दवाखान्यात नर्सबाईंनी खाण्यापिण्याचं विचारलं. काजबाई कौतुकाने म्हणाल्या, "रोज अंडं खाते हो ती."

सून खाली बघत हळूच म्हणाली, "पांढरं खाते."

नर्सबाईंनी दोघींना बाकावर बसवून घेतलं. कोलीन नावाचं एक पोषक द्रव्य असतं, त्या सांगू लागल्या. पोटातल्या बाळाचा मेंदू आणि पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू घडायला ते लागतं. आईचं शरीर थोडंसं तयार करतं, बाकीचं खाण्यातून यावं लागतं. दुधात, मासळीत, सोयाबीनमध्ये ते असतं, पण अंड्यातलं जवळजवळ सगळं पिवळ्यात असतं, पांढऱ्यात नावालाच. आणि ते काही फक्त बाळासाठी नाही, मोठ्या माणसाच्या मेंदूलाही जन्मभर लागतं.

"पण बाई, डोकं मोठं झालं आणि अडली तर?"

"मावशी, पिवळ्याने डोकं मोठं होत नाही. डोक्याच्या आतलं घडतं."

एका पिवळ्याने पोर पंडित होईल असं मी म्हणत नाही, असंही त्या म्हणाल्या. पण पोटात असतानाच त्याला उपाशी का ठेवायचं?

परतताना काजबाई वाटेत दोनदा टेकल्या. गुडघे दुखतच होते, पण थकवा गुडघ्यांचा नव्हता. सदऱ्याचे सगळे काज उलट्या बाजूला कापले गेले आणि ते शेवटचं बटण लावताना कळलं, तर जसं होईल तसं त्यांना झालं होतं. शिवण उसवता येते. कापलेलं कापड काही परत जुळत नाही.

दुसऱ्या दिवशी अंडी दोनच होती. काजबाईंनी एक अख्खं सुनेच्या ताटात ठेवलं. दुसरं कापून पिवळ्याचा अर्धा भाग नवऱ्याला, अर्धा लेकाला वाढला.

मास्तरांनी ताटाकडे पाहिलं. "हे काय?"

काजबाईंनी नर्सबाईंचं म्हणणं सांगितलं.

"एका दिवसात चेली झालीस तिची."

"झाले. उशिराच झाले."

लेक खाली मान घालून खात राहिला. मास्तर म्हणाले, राबणाऱ्याच्या तोंडचा घास काढून घराला बरकत येत नसते.

"ती बसून आहे का? पोटात माणूस घडवतेय. तुम्ही नुसता सदरा घडवता."

मास्तर ताट सरकवून उठले आणि पडद्यापलीकडे मशीन ताडताड चालू लागली. लेकही त्यांच्या मागोमाग गेला.

सुनेचा हात ताटाकडे जाईना. मग तिने अंडं मोडलं, पिवळ्याचा तुकडा सासूपुढे धरला. "आई, अर्धं तुम्ही घ्या."

काजबाईंना क्षणभर ते हवंसं वाटलं. मग त्यांनी तिचा हात तिच्याच ताटाकडे वळवला.

"नको पोरी. या वाटणीनेच आजवर आपल्याला खाल्लं. उद्यापासून माणशी एक अंडं शिजेल. आज तू खा."

मशीन थांबली. काज करायला कुणी येणार आहे की नाही, असा मास्तरांचा आवाज आला.

"सून जेवतेय," काजबाई जागच्या न हलता म्हणाल्या. "तिचं होईपर्यंत मी उठणार नाही."