आधी काकू, मग लिटर

मल्लम्माकाकू दिवाळीनंतर वारल्या. हे एकदा सांगून झालं. आता ते घडलंच नाही असं धरून पुढे जाऊ. देवगाव फाट्यावरच्या दूध केंद्रात आम्ही सगळे तसंच धरून चालतो.

"वैभव, ही आडवी का आली रं?" बसवंतआप्पा संगणकाच्या पडद्याला नाक लावून विचारत होते.

केंद्र आप्पांचं, म्हणजे काकूंच्या नवऱ्याचं; ऑपरेटर मी. काट्याला जोडलेला पत्त्यांच्या डबीएवढा संगणक सुरू होताना आधी पांढऱ्या इंग्रजी ओळी भराभरा सोडायचा, मग लिटर आणि फॅट दाखवायचा. आप्पांचा हुकूम, की लाइट आल्या आल्या, त्या ओळींच्याही आधी, काकूंचा फोटो दिसला पाहिजे. काकू बोलल्याशिवाय त्यांच्या घरात कुठलंच काम सुरू झालेलं नव्हतं. फोटोही तसाच निवडला: कपाळावर भस्म, तोंड उघडं, फोटोग्राफरला झापताना.

पडदा मी उभा बसवला होता, म्हणून काकू आडव्या झाल्या.

"दुपारची पडायचीच ती," आप्पा म्हणाले. "पर सकाळच्याला उभी कर."

केली. लाइट सारखी जायची, सारखी यायची. दरवेळी काकू यायच्या, दोन श्वासभर झापायच्या, मग लिटर. रांगेतल्या बायनाबाई डोक्यावर पदर घ्यायच्या. दुधातलं पाणीही कमी झालं.

मग फाट्याला नवी लाइन आली आणि लाइट जायची थांबली. गावानं पेढे वाटले. आप्पा खुर्चीतून उठेनात. जेवण खुर्चीत, डुलकी खुर्चीत, लघवीला जाताना मला पहाऱ्यावर बसवायचे.

लेक त्रिवेणी सेलूहून जीप घेऊन आली.

"आप्पा, चला परभणीला. डॉक्टर म्हणले, काचबिंदू हाय, गेलेली नजर माघारी येत न्हाई, उरलेली तरी वाचंल."

"आन् मी तिकडं, हिकडं लाइट गेली तर? ती आली आन् मी जाग्यावर न्हाई. ऐकून घेईल का?"

"घरी भिंतीवर हाय की माय."

"त्याला तुमी हार घातलाय."

त्रिवेणीनं बटनाकडं हात नेला. "बंद करून चालू करते. बघा आन् चला."

आप्पांनी तो हात धरला. "बोलावल्यावर कधी आलती का ती? आपल्या मनानंच यायची."

जीप रिकामी गेली. आप्पांनी मला वीज कार्यालयाला अर्ज लिहायला बसवलं. सांगताना नजर पडद्यावरच होती. तिथं कुणाच्या तरी म्हशीचं फॅट होतं.

'विषय: वीजपुरवठा खंडित करणेबाबत. महोदय, सदर केंद्रास सध्या अखंड वीज मिळत असल्याने अर्जदाराची गैरसोय होत आहे. तरी अर्जदाराची दृष्टी शाबूत आहे तोवर, दूध घेण्याच्या वेळेत, किमान एकदा लाइट घालवण्याची तजवीज व्हावी, ही नम्र विनंती. वेळ अर्जदारास आगाऊ कळवू नये.'