सासूबाईंची वकिली

नजीर अत्ताराला इन्कमटॅक्सची नोटीस आली, ती त्याने आधी मला आणून दाखवली. शेजारच्या गाळ्यात माझं भांड्यांचं दुकान, आणि वाचता येणारा त्या ओळीत मी एकटाच. नजीर मूळचा सायखेड्याचा. रामकुंडाच्या वाटेवर तो कुंकू, बुक्का, उदबत्त्या विकायचा. नुकताच सिंहस्थ उरकला होता आणि सरकारचं म्हणणं, गर्दीत तुझं चांगलंच फावलं असणार, तर किती ते येऊन सांग. पटवून देता आलं नाही तर साहेब अंदाजाने कर बसवणार. तो जड गेला, तर नजीरला अर्धा गाळा सोडावा लागणार होता.

"भिमाजीभाऊ, आपल्या बाजूनं बोलणारा कुणीतरी पाहिजे. कुणाला धरू?"

मेनरोडवरच्या वकिलाची फी ऐकली आणि त्यापेक्षा कर परवडला, असं वाटलं. तेवढ्यात वेणीमाधवगुरुजी येऊन टेकले. सिंहस्थानंतर घाट ओस पडलेला, त्यामुळे गुरुजींनी करांची कामंही हाती घेतली होती. घाटावर यात्रेकरू उपाध्याय निवडत नाही. त्याच्या गावावरून तो ठरलेलाच असतो. गुरुजींनी तोच नियम इथे लावला.

"गाव कुठलं रे तुझं?"

"सायखेडा."

"मग प्रश्नच मिटला. सायखेडा आमच्याकडे."

"पण गुरुजी, मी मुसलमान."

"मी काय श्राद्ध घालायला निघालोय? गाव आमचं, म्हणजे तू आमचा यजमान."

नजीरला कुणाला नाही म्हणता येत नसे. ठरलेल्या दिवशी आम्ही तिघे कचेरीत गेलो. गुरुजींनी उपरणं सावरलं आणि घाटावरचा खणखणीत आवाज लावला. "गोदातीरी, सायखेडा ग्रामी, थोर अत्तार कुळात जन्मलेला हा नजीर! मोठा दाता! याच्या दारातून कुणी रिकाम्या हाताने जात नाही. दुकानात कुंकवाच्या राशी, अत्तराचे बुधले..."

साहेब भराभर लिहीत होते. मी गुरुजींचं उपरणं ओढलं.

"अहो, कमी सांगा, कमी!"

"यजमानाला दरिद्री म्हणू?" गुरुजी माझ्यावरच डाफरले. "घाटावर तोंड कुठे दाखवू मग?"

साहेब भला माणूस. "आठवड्याने या," ते म्हणाले, "आणि येताना घरातलं, खरं माहीत असलेलं माणूस आणा."

परतताना माझं डोकं असं तापलं होतं की त्यावर भाकरी भाजली असती. त्या तिरमिरीतच मला सुचलं. "नजीर, तुझी कमाई सगळ्यात कमी सांगणारं माणूस तुझ्या घरातच आहे की!"

त्याचा चेहरा पडला. त्याची सासू हुस्नबानो घरोघर बांगड्या भरायची. बायकांचे हात दाबता दाबता ती सांगे, "जावई कसला, लेक विहिरीत ढकलली असती तर पाणी तरी मिळालं असतं तिला!" जुलेखाशी लग्न झाल्यापासून सासूच्या तोंडचा एक चांगला शब्द नजीरने ऐकला नव्हता. तो वरवर हसायचा, पण त्याला ते लागायचं. मला दिसत होतं.

हुस्नबानो मात्र एका पायावर तयार झाली. जावयाची निंदा करायला सरकारी बोलावणं येणार, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

"साहेब, हा आणि कमावणार?" तिने बुरख्यातूनच सुरुवात केली. "गिऱ्हाईक भाव करायच्या आधी हाच कमी करतो. उधारी मागायला जातो आणि चहा पिऊन परत येतो. अत्तर विकतो कमी, हुंगतो जास्त!"

साहेबांची लेखणी थांबली. मग त्यांनी मागचं खोडायला घेतलं. मी मनातल्या मनात काळारामाला नारळ बोललो. गाळा वाचला होता.

कागद आवरता आवरता साहेब सहानुभूतीने म्हणाले, "खरं आहे, बाई. असले नेभळट लोक धंद्यात पडतातच कशाला? तुमच्या मुलीचं नशीबच फुटकं."

हुस्नबानोने नकाब वर टाकला.

"नेभळट कुणाला म्हणता? माझ्या जावयाला? सिंहस्थात याचा गल्ला मिटत नव्हता, जेवायला उसंत नव्हती! इगतपुरीपासून गिऱ्हाईक येतं, या एकाचं कुंकू रंग सोडत नाही म्हणून! माझ्या आजारपणात मुंबईचा डाक्टर दाखवला यानं, पोटच्या पोरानं केलं नसतं! लिहा, साहेब, सगळं लिहा!"

मी नजीरला ढोसलं. "अरे, थांबव तिला!"

त्याने माझा हात बाजूला सारला. डोळ्यांत पाणी होतं. "बोलू द्या हो, भिमाजीभाऊ."

साहेबांनी सगळं लिहून घेतलं. बाहेर पायरीवर येताच हुस्नबानो त्याच्यावर कडाडली, "मला गप्प नाही करता आलं, अकलेच्या कांद्या?" आणि तरातरा पुढे निघून गेली.

अर्धा गाळा गेला. आता त्यात माझे हंडे आहेत. ते लावायला नजीरच आला होता, वर शीळ घालत. मला त्याचा असा राग आला!

"पुढच्या वर्षी तरी नीट वकील कर," मी म्हणालो.

"छे. अम्मीलाच नेणार," तो म्हणाला. "फक्त साहेबांना आधी सांगून ठेवीन, या खेपेला मला आणखी थोडं वाईट बोला म्हणून."