ऑक्टोबरात टांगलेला तारा

मित्रांनो, कोन मोजायला गेलात तर माझे साडेचारच भरतील. तरीही मी ताराच आहे. पत्र्याचा, चौतीस वर्षांचा, नाताळच्या झाडाच्या शेंड्यावर बसणारा. उरलेला अर्धा कोन एका वर्षी कपाटाच्या दारात चेंगरला.

माझा जन्म तेलाच्या रिकाम्या डब्यातून झाला. एका कारागिराने डबा कापला, ठोकला, डाख देऊन कोन जोडले आणि पुढून सोनेरी रंग दिला. मागे रंग पुरला नाही. त्यामुळे माझ्या पाठीवर अजून तेलाच्या डब्यावरचं अर्धं सूर्यफूल आहे, आणि मला कायम भिंतीकडे पाठ करून बसावं लागतं. त्या कारागिराने मला आपल्या घड्याळजी मित्राच्या लग्नात भेट दिलं, आणि मी काका-काकूंच्या घरी आलो.

काका घड्याळं दुरुस्त करतात. सगळी गल्ली त्यांच्याकडे बघून वेळ लावते. एक डिसेंबरला सकाळी आठच्या ठोक्याला ते मला शेंड्यावर बसवत आणि सहा जानेवारीला रात्री आठला उतरवत. चौतीस वर्षांत एक मिनिट इकडचं तिकडे झालं नाही. काकूंना मात्र नोव्हेंबर लागला की धीर धरवत नसे.

"अहो, आज लावूया का?"

"तारीख काय?"

"वीस."

"मग?"

संभाषण संपलं.

काकूंना गाऊन केलेला उपदेश फार आवडे. एक म्हातारे उपदेशक घरी येत, पेटी वाजवत अर्धं गात, अर्धं सांगत. एकदा त्यांनी माझ्याकडेच बोट करून सूर लावला, "ताऱ्या रे ताऱ्या, तुझं काम काय? येशूच्या गोठ्याची वाट दाखव, स्वतः मिरवू नको!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मला राग आला. मिरवायचं नव्हतं, तर सोनेरी रंग कशाला दिला?

मग माझे दिवस फिरले. दोन वर्षांपूर्वी आठचा ठोका गाठायच्या घाईत काकांनी मला ओल्या पंच्यात गुंडाळून सजावटीच्या पेटीत टाकलं. अकरा महिने मी त्या ओलाव्यात होतो. बाहेर आलो तो गंजाचे डाग घेऊनच. आता आपली रवानगी भंगारात, असं वाटलं. पण काकू म्हणाल्या, "अगंबाई, काय लखलखतोय!" मी खूश! त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढतोय, हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं?

यंदा ऑक्टोबरात डॉक्टरांनी शस्त्रक्रियेला सोमवार दिला. काका समजत होते, हिला जरा धूसर दिसतं, एवढंच. ते एका मनोऱ्याचं घड्याळ दुरुस्त करायला दोन दिवस परगावी गेले, आणि काकूंनी तेवढ्यात पेटी ओढली. चाचपडत झाड उभं केलं, मला शेंड्यावर बसवलं, हाताला लागेल ते फांद्यांना टांगलं. तोंडाने गाणं चालूच.

खिडकीत मला पाहून समोरचा पाववाला धावत आला.

"काकू, नाताळ आला? मी अजून मनुकासुद्धा भिजवल्या नाहीत!"

"अरे, ऑक्टोबर आहे."

"माझं कॅलेंडर चुकेल काकू, तुमचं घर नाही चुकणार!" असं म्हणत तो पळाला आणि त्याने खरोखरच मनुका भिजत घातल्या.

दुसऱ्या दिवशी काका परतले आणि उंबऱ्यातच थिजले.

"ऑक्टोबर! अगं, लोक काय म्हणतील? घड्याळजीचं घर दोन महिने पुढे!"

तावातावाने ते झाडाजवळ आले आणि फांद्या निरखून बघू लागले. काचेच्या गोळ्यांच्या शेजारी गिऱ्हाइकाच्या घड्याळाचा लंबक लोंबत होता. त्याखाली गजराची घंटी. तिच्याखाली चहाची गाळणी.

"अगं," ते हळूच म्हणाले, "तारा दिसतोय का तुला?"

"पिवळं काहीतरी दिसतंय. तेवढ्यात भागवते." काकू पदराशी चाळा करत म्हणाल्या, "डॉक्टरांचा हात चुकला तर? म्हटलं, एकदा बघून घ्यावं."

काकांनी काहीही उतरवलं नाही. लंबक मागायला आलेल्या गिऱ्हाइकाला ते म्हणाले, "पुढच्या आठवड्यात या. सध्या तो कामावर आहे."

मित्रांनो, देवासमोर कबूल करतो, त्या रविवारी मी फार हलकट प्रार्थना केली. "देवा, काकूंना बरं कर. पण अगदी लख्ख दिसायला नको." लख्ख दिसलं, की माझा गंज दिसणार. गंज दिसला, की मी भंगारात.

देवाने प्रार्थनेचा पहिलाच भाग ऐकला. मंगळवारी डोळ्यावरची पट्टी निघाली आणि काकू घरी आल्या. दारातूनच त्यांनी वर पाहिलं.

"अगंबाई! हा तर पार गंजलाय! आणि हा कोन कुणी चेपला?"

संपलं, म्हटलं. मी भंगारवाल्याच्या हाकेकडे कान लावून बसलो.

पण त्यांची नजर माझ्यावरून खाली उतरली. झाडापाशी काका उभे होते, चहा करायला काढलेली गाळणी हातात घेऊन. काकू बघतच राहिल्या.

"अहो, तुम्ही एवढे पांढरे कधी झालात?"

"एक डिसेंबरला. सकाळी आठ वाजता."

काकू हसता हसता रडायला लागल्या. "रडू नकोस, डोळ्यात थेंब घालायचेत," असं म्हणणाऱ्या काकांचेच डोळे भरले होते. तेवढ्यात पाववाला मनुकांचा केक घेऊन हजर. "भिजवल्या होत्या, आता काय करणार?"

मी शेंड्यावरून बघत होतो. माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला त्याचं वाईट वाटलं नाही. म्हाताऱ्या उपदेशकांचं गाणं मला त्या दिवशी कळलं.

नंतर काकांनी बारीक ब्रशने आणि घड्याळाच्या तेलाने माझा गंज काढला. काकूंनी पुढून नवा रंग दिला. सूर्यफूल मात्र त्यांनी राहू दिलं, म्हणाल्या, "इतकी वर्षं मला दाखवलंच नाही कुणी!"

मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. आम्हाला ठेवताना कोरड्या फडक्यात ठेवा. आणि घरात कुणी विचारलं, "आज लावूया का?" तर लगेच तारीख बघू नका. आधी विचारणाऱ्याच्या डोळ्यांकडे बघा.