शकिलाच्या केसांचा कुंचला

मी एक जुना कुंचला आहे. पण मित्रांनो, मला दुकानातल्या पेटीत शोधू नका. मी तुरुंगात जन्मलो, बायकांच्या बराकीत. माझी दांडी म्हणजे अंगणातल्या कडुलिंबाची काडी आणि माझे केस शकिलाचे. फणीत गुंतून आलेले केस तिने साठवले, त्यांची जुडी केली आणि ओढणीचा दोरा उसवून मला घट्ट बांधलं. मी जरा रागीट आहे. का, ते ऐका आणि मग मला नावं ठेवा.

शकिला उरणची. द्रोणागिरीच्या एका गोदामात कामाला होती. तिथला माल चोरीला गेला. चाव्या हिच्याकडे असायच्या, म्हणून हिला धरलं. दुसरी चावी मालकाच्या भाच्याकडे होती, त्याला कुणी चकार शब्द विचारला नाही. गुन्हा शाबीत व्हायचं सोडाच, खटलाही उभा राहिला नव्हता. तारीख यायची, कोर्टात न्यायला गाडी नसायची, तारीख पुढे जायची. आत आली तेव्हा तिच्या कडेवर सहर होती, दूधपिती. लेकरू सहा वर्षांचं होईपर्यंत आईजवळ राहू शकतं. तोवर सहरचं जग म्हणजे ती बराक.

आता सहावं संपत आलं होतं. रविवारी नानी येऊन तिला उरणला नेणार होती. आणि पोरीने कळत्या वयात घर पाहिलं नव्हतं. ती घाबरू नये म्हणून शकिलाने भिंतीवर नानीचं घर काढायला घेतलं. त्यासाठीच तर मी जन्मलो. हळदीच्या भिंती, विटेच्या भुकटीची कौलं, चहाच्या पाण्याचं दार, कपड्यांच्या निळीची खाडी, खाडीत एक होडी. अख्खी बराक भोवती जमायची. तळवलीची म्हातारी सखू रोज काहीतरी खोट काढायची.

"होरीचा तोंड वरती कर गो. नायतं पानी आत शिरल," ती म्हणायची, आणि मग हळूच स्वतःच्या वाटचा चहा रंगासाठी ठेवून जायची.

असं कौतुक कुठल्या कुंचल्याला मिळालं असेल?

एके दुपारी सहरने मला हातात घेतलं. काजळीत बुडवलं आणि नानीच्या दारावर, बाहेरच्या बाजूला, एक भलंमोठं काळं कुलूप काढलं. मग आईला विचारलं, "अम्मी, नानीला बाहेरून कोण बंद करतं?"

बायका हसल्या. मग एकेक करून गप्प झाल्या. शकिलाने मला पोरीच्या हातातून घेतलं आणि इतकं आवळून धरलं की माझी दांडी करकरली.

"नानीच्या दाराला कडी असते, बेटा. आतून. आपणच लावायची, आपणच काढायची."

"आतून?" सहरला ही थापच वाटली. "मग नानी पळून जाईल ना."

उद्या दार उघडं काढायचं, आतली कडी दिसेल असं, म्हणजे पोरीला पटेल, असं शकिलाने ठरवलं.

तो उद्या आलाच नाही. कुणी मोठे पाहुणे तुरुंग बघायला येणार होते. सकाळीच उन्नती नावाची शिपाईबाई चुन्याची बादली घेऊन आली आणि ती तिने शकिलाच्याच हातात दिली. मला वाटेल तेवढं बोला, पण आईच्या हाताने हे करून घ्यायचं?

"मॅडम, एवढं दार तरी राहू द्या. पोरगी रविवारी जातेय."

"टेन्शन नको देऊ गं मला. वरून ऑर्डर आहे. भिंत पांढरी पाहिजे."

माझाच एक भाऊबंद, चुना लावायचा जाडा ब्रश, कौलांवरून फिरला. होडीवरून फिरला. दारावरून फिरला. पाहुणे आले, म्हणाले, वा, किती स्वच्छ! त्या भिंतीसमोर उभं राहून त्यांनी फोटोही काढून घेतला. त्या फोटोत त्यांच्या खांद्यामागे नानीचं घर आहे, मित्रांनो. फक्त ते कुणाला दिसत नाही.

रविवारी शकिलाने सहरची वेणी घातली. पुन्हा सोडली, पुन्हा घातली. शेवटच्या वेळी तिने मला वेणीत गुंफलं. लेकीच्या केसांत आईचे केस. फाटकाशी उन्नतीने झडती घेतली. तिचा हात वेणीवर आला आणि थांबला. तिने मागे शकिलाकडे पाहिलं, मग हात पुढे नेला. "चल," एवढंच म्हणाली. तिच्यावरचा अर्धा राग मी तिथेच सोडला. अर्धा अजून आहे.

उरणला नानीचं दार सताड उघडं होतं. पण सहर आत जाईना. उंबऱ्याशी उभी राहून तिने दोन्ही हात वर केले. झडतीसाठी. नानीला वाटलं, पोरगी कडेवर घे म्हणतेय. तिने सहरला उचलून छातीशी धरलं.

ती सगळी दुपार सहर कडी लावत होती, काढत होती. मग तिने मला वेणीतून सोडवलं, नानीकडून हळद मागून घेतली आणि दाराशेजारी भिंतीवर बराक काढली. तिच्या दारालाही तिने कडी काढली. आतून.

आता सहरकडे रंगांची पेटी आहे. मी खिडकीतल्या पेल्यात असतो. माझे केस गळत चाललेत आणि ज्या डोक्याचे ते आहेत ते डोकं अजून आतच आहे. परवाची तारीखही पुढे गेली.

ईदच्या आधी नानीने घराचं रंगकाम काढलं. रंगारी त्या बराकीपाशी आला तेव्हा नानी म्हणाली, "एवढा तुकडा सोड रे बाबा, पोरीचा आहे."

तो हो म्हणाला आणि कडेकडेने रंगवत गेला. फार काही लागलं नाही त्याला, मित्रांनो. तुमच्या हातात कधी मोठा ब्रश आला, तर आधी भिंतीकडे नीट बघा. आणि मला पेल्यातून काढाल तेव्हा धुऊन ठेवा. शकिला सुटून आली की तिला ते आतल्या कडीचं दार पुरं करायचं आहे.