माशाबरोबर क्सिनोमाव्रो

माझा दीर झिसिस थेसालोनिकीच्या एका हॉटेलात बावीस वर्षं पाहुण्यांना वाइन ओतायचा. तेवढ्यावर त्याला वाटायचं, द्राक्षातलं आपल्याला सगळं कळतं. माझे यजमान गेले तेव्हा तो आमच्या गावी, नाउसाला परतला आणि डोंगरउतारावरचा आमचा मळा बघायला लागला. नुसताच बघायचा. कात्रीला त्याने कधी हात लावला नाही.

आमच्या क्सिनोमाव्रो द्राक्षाचा त्याला भारी तिटकारा. नावाचा अर्थच आंबट-काळं. वाइन दिसायला फिकी, पण जीभ खरवडून काढते. दहाएक वर्षं पडून राहिली, की मग तिला वाळवलेल्या टोमॅटोचा, ऑलिव्हचा वास सुटतो. एवढं थांबायचा दम झिसिसमध्ये कुठला? वहिनी, हे गावंढळ द्राक्ष आहे, लोकांना गोड-मऊ लागतं, असं तो उठता-बसता ऐकवायचा. निम्मा मळा उपटून परदेशी वेली लावायचं त्याने ठरवूनही टाकलं होतं.

फेब्रुवारीत त्याने शहरातल्या चार हॉटेलवाल्यांना दुपारी जेवायला बोलावलं. बेत काय, तर भाजलेला मासा आणि ऑक्टोपस. सोबत आमची कोवळी वाइन, तीही बर्फात ठेवलेली. गार केली की तिचा तुरटपणा वाढतो आणि माशाबरोबर ती गंजक्या खिळ्यासारखी लागते, हे आमच्या गावात न पिणाऱ्यालाही ठाऊक. मी गप्प बसले. खोटं कशाला सांगू, मला त्याची फजिती बघायची होती.

पहिल्याच घोटाला पाहुण्यांची तोंडं वाकडी झाली. क्लेओनिकी नावाच्या बाईंनी पेला सरळ बाजूला सारला. त्यावर झिसिस म्हणाला, द्राक्षच हलकं आहे, म्हणून तर उपटतोय. स्वतःच्या अडाणीपणाचं खापर त्याने माझ्या नवऱ्याच्या वेलींवर फोडलं, तेव्हा माझं डोकं फिरलं.

माझी धाकटी जाऊ, झिसिसची बायको अरेती, रडकुंडीला येऊन स्वयंपाकघरात आली. "ताई, काहीतरी करा हो."

चुलीवर छाटणीच्या गड्यांसाठी कोंबडा शिजत होता, टोमॅटो, दालचिनी आणि हीच वाइन घालून. मी तळघरातून यजमानांच्या हातची अकरा वर्षांची बाटली काढली आणि पातेलं तसंच उचलून टेबलावर नेऊन ठेवलं.

झिसिस माझ्या कानाशी पुटपुटला, "वहिनी, हे मजुरांचं जेवण आहे."

"म्हणूनच नीट शिजवलंय, भाऊजी."

टोमॅटोच्या आंबटपणाला वाइनचा आंबटपणा भेटला, कोंबड्याच्या चरबीने तुरटपणा गिळला. पाहुण्यांनी पावाने ताटं पुसून खाल्ली. क्लेओनिकीबाईंनी विचारलं, ही जुनी वाइन कोणी केली?

"आम्हीच," झिसिस म्हणाला. ती केली तेव्हा हा तिकडे शहरात दुसऱ्यांच्या बाटल्या उघडत होता. वर सांगतो, फरक कळावा म्हणून मुद्दाम आधी मासा ठेवला होता. चौघांनी समजल्यासारख्या माना डोलावल्या. तेही त्याच्याच लायकीचे. मासा गड्यांनी त्सिपुरो या द्राक्षाच्या घरगुती कडक दारूबरोबर मजेत संपवला.

पाहुण्यांनी आमचीच वाइन मागवली, तेव्हा मळा उपटायचं नाव त्याने सोडलं. तळघराची त्याच्याकडची किल्ली मी दुसऱ्या दिवशीच काढून घेतली. छाटणीला आता अरेती माझ्याबरोबर येते. तिचा हात चांगला आहे.